अळंबीच्या पेटीला आधी भोके पाडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘घरच्या घरी अळंबी’ हा विषय हमखास येतो. सोबतच्या छायाचित्रात झाकण घट्ट लावलेला प्लॅस्टिकचा डबा, आत दाटलेले धुके आणि त्यात गुबगुबीत धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी. छायाचित्र देखणे असते. पण तसाच डबा करून त्यात बेड (अळंबीचे बी पेरलेल्या काडाची पिशवी) ठेवणाऱ्याच्या हाती आठवड्याभरात लागतात त्या लांबट, किडकिडीत दांड्या आणि त्यांवर शर्टाच्या बटणाएवढ्या टोप्या. मग दोष बियाण्याला दिला जातो. बियाणे बहुतेक वेळा निर्दोष असते. डब्याला भोके नसतात.

अळंबीत हरितद्रव्य नाही. ती आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. काडाच्या आत अळंबीचीच पांढरी बुरशी पसरत असते तेव्हा हा वायू साचलेला तिला चालतो, किंबहुना मानवतो. छत्री धरायची वेळ आली की मात्र सगळे उलटे होते. धिंगरीला तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) आत लागतो. बाहेरच्या मोकळ्या हवेतच तो सव्वाचारशेच्या आसपास असतो, म्हणजे सवलत फार नाही. वायू वाढला की आपण अजून ओंडक्याच्या आतच आहोत अशा हिशेबाने अळंबी दांडी लांबवत मोकळी हवा शोधत राहते, आणि टोपी नावापुरती उरते. त्याच वेळी तिला ८५ ते ९० टक्के आर्द्रताही हवी, कारण तिच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि ते अडवून धरणारी साल नाही. हवा आत घ्यावी तर ओल पळते, ओल कोंडावी तर हवा कोंडते. घरगुती पेटी म्हणजे या भांडणातली तडजोड. ती नीट समजली तर पेटी कोणत्याही मापाची करता येते.

माप सांगायचेच तर ६० सेंमी लांब, ४० रुंद आणि ३५ उंच असा झाकणाचा डबा दोन बेडना पुरतो. भांड्यांच्या दुकानात कपडे-अंथरुणे ठेवायला मिळतो तोच. घेताना तळाशी त्रिकोणात कोरलेला आकडा पाहावा. ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन. ते किंचित दुधी दिसते पण लवचीक असते आणि ड्रिलखाली तडकत नाही. काचेसारखा लख्ख पारदर्शक, वाजवला की टणटण आवाज करणारा ६ आकड्याचा डबा घेऊ नये. दहाव्या भोकाला तो कोपऱ्यापासून उभा चिरतो.

भोके ६ मिमीची, दर ५ सेंमीवर, सहाही बाजूंना. तळाला आणि झाकणालाही, हे पुन्हा सांगावे लागते, कारण बहुतेक जण चार भिंतींवर थांबतात. वरच्या मापाच्या डब्याला अशी ३७० भोके होतात. आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण सगळ्या भोकांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर जेमतेम १० सेंमी बाय १० सेंमीची खिडकी होते, डब्याच्या एकूण पृष्ठभागाचा शंभरावा हिस्साही नाही. तेवढीच खिडकी एका बाजूला कापली तर चालत नाही का? नाही. खिडकीजवळचा बेड वाळतो आणि पलीकडचा घुसमटतो. हवा सगळीकडून थोडी थोडी यावी म्हणून एवढा खटाटोप.

आखणी मार्करने करून घ्यावी. भोक पाडताना आतून लाकडाचा ठोकळा धरावा, ड्रिल मंद गतीवर ठेवावे आणि दाब हलका असावा. वेगात फिरवले तर प्लॅस्टिक वितळून बिटला गुंडाळते. कडांना राहिलेले तुसे कटरने काढून टाकावेत. त्यांत पाणी आणि घाण अडकते आणि पुढे बुरशी तिथूनच सुरू होते. ड्रिल नसेल तर सोल्डरिंगच्या इस्त्रीने भोके होतात, पण ते काम गच्चीवर किंवा अंगणात करावे. वितळत्या प्लॅस्टिकचा धूर घरात कोंडू नये. काही जण चारच मोठी भोके पाडून त्यांत कापूस कोंबतात. हवा कमी मागणाऱ्या काही जातींना ते पुरते, धिंगरीला पुरत नाही. अळंबीच्या घराण्यात हवेच्या बाबतीत धिंगरीइतकी हट्टी दुसरी क्वचितच.

भोके पाडल्यावर ओल कशी टिकणार, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी तळाशी ८ ते १० सेंमी जाडीचा ओल्या पर्लाइटचा थर लागतो. नर्सरीत मिळणारा हा पांढरा, हलका, भाजून फुलवलेला खडा. या मापाच्या डब्याला साधारण २० ते २४ लिटर लागेल. जाड दाण्याचा घ्यावा. पिशवी उघडताच त्यावर पाणी शिंपडावे आणि तोंडाला फडके बांधावे, कारण त्याची कोरडी धूळ छातीत जाते. बादलीत भिजवून, चाळणीवर पूर्ण निथळून मग तो डब्यात पसरावा. दाणे भोकांतून गळू नयेत म्हणून खाली नायलॉनची जाळी अंथरावी. पर्लाइटचे काम पाणी साठवणे एवढेच असते तर ओला टॉवेलही चालला असता. त्याच्या दाण्यादाण्यांत फटी असतात. बेडच्या उबेने पेटीतली हवा हळूहळू वर सरकून झाकणातून निघते आणि तिच्या जागी तळातून नवी येते, ती या फटींतून ओल घेतच वर चढते. म्हणून डबा जमिनीवर टेकवून ठेवला तर निम्मे काम वाया जाते. चार कोपऱ्यांखाली चार विटा, निदान ७ सेंमी उंची, आणि खाली ठिबकणाऱ्या पाण्यासाठी एक पसरट ताट.

पर्लाइट मिळाला नाही तर विटांचे दोन-तीन सेंमीचे तुकडे रात्रभर भिजवून घालता येतात. ओल थोडी कमी धरतात, पाणी अधिक वेळा द्यावे लागते, पण उकळत्या पाण्याने धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात. वाळू घालू नये. ती चिकटून बसते, तळाची भोके बुजतात, आणि पेटी पुन्हा बंद डबा होते. कोकोपीट तर नकोच. तो स्वतःच बुरशीचे खाद्य आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सर्वाधिक बेड याच चुकीने जातात. ही पेटी बी पसरवण्यासाठी नाही. बी टाकलेली ताजी पिशवी थेट ओल्या पेटीत ठेवली तर धिंगरीच्या आधी हिरवी बुरशी बाजी मारते. काडावर धिंगरी पूर्ण चढेपर्यंत पिशवी पेटीच्या बाहेर, अंधाऱ्या कोरड्या फडताळात किंवा माळ्यावर राहायला हवी. पेटीचे काम पिशवी दुधासारखी पांढरी झाल्यावर सुरू होते.

बेड भरण्याचे प्रमाण या पेटीच्या उंचीला बेतूनच ठरवावे. बाजारात सांगतात त्या ३५ बाय ५५ सेंमीच्या पिशव्या धंद्याच्या मोठ्या शेडसाठी ठीक. आपल्या पेटीत पर्लाइटच्या वर जेमतेम २५ सेंमी उंची उरते. तेव्हा २५ बाय ४० सेंमीच्या पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्या घ्याव्यात. भरल्यावर १६ सेंमी व्यासाचा, वीसेक सेंमी उंचीचा दंडगोल होतो. अशा दोन पिशव्यांना १ किलो कोरडे काड लागते.

काड म्हणजे भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचा भुसा. यंदाचे, पिवळेधमक, पावसात न भिजलेले. एकदा भिजून वाळलेल्या काडात दुसऱ्या बुरश्यांनी आधीच बिऱ्हाड थाटलेले असते. सोयाबीनच्या भुश्यावर उत्पादन चांगले येते, पण त्यात नत्र जास्त, म्हणून तो तापतोही लवकर आणि बिघडतोही लवकर. नवख्याने पेंढ्यापासून सुरुवात करावी. ३ ते ५ सेंमीची कुट्टी करून ८ ते १० तास गार पाण्यात भिजवावी. मग तरटाच्या पोत्यात भरून ८० अंशांच्या पाण्यात १ तास बुडवून ठेवावी, वर दगडाचे वजन. तास मोजायचा तो पोत्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचल्यावर. पाणी खळखळ उकळू नये. भांड्याच्या बुडाशी बुडबुडे धरतात, वाफ निघते, पण उकळी फुटत नाही, तो टप्पा राखायचा. जास्त उकळले तर जास्त निर्जंतुक, मग अधिक चांगले, असे वाटते खरे. पण ८० अंशांना घातक बुरश्या मरतात आणि उष्णता सोसणारे काही निरुपद्रवी जिवाणू मागे राहतात. ते काडावर जागा अडवून धिंगरीची राखण करतात. उकळून पार रिकामे केलेल्या काडावर घरच्या हवेतला जो पहिला बीजाणू पडेल तो मालक.

शेडमध्ये याऐवजी १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मलिन घालून काड १६ ते १८ तास बुडवण्याची शिफारस आहे आणि ती परिणामकारक आहे. पण राहत्या घरात, मुलाबाळांत, फॉर्मलिनची बाटली उघडू नये. त्याचा वायू डोळ्यांना, घशाला झोंबतो आणि दीर्घ संपर्कात तो कर्करोगकारक आहे. किलोभर काडासाठी गॅसवरचे पातेले पुरे.

गरम काड स्वच्छ ताडपत्रीवर तिरक्या उतारावर पसरून निथळावे. ओल बरोबर आहे का, हे मुठीवर कळते. मूठभर काड गच्च आवळले तर तळवा ओला व्हावा, थेंब मात्र पडू नये. एखादाच थेंब मोठ्या मुश्किलीने सुटला तर चालेल. धार लागली तर आणखी अर्धा तास थांबावे. जास्त पाण्याने पिशवीच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथे आंबूस वास सुटतो, आणि तो भाग शेवटपर्यंत तपकिरीच राहतो. बरोबर निथळले तर १ किलो कोरड्याचे सुमारे ३ किलो ओले काड होते. वजनकाटा असेल तर ही दुसरी खूण.

काड हाताला अजिबात कोमट लागेनासे झाले की बी. ओल्या काडाच्या २ टक्के अशी शिफारस असते. घरी लवकर पसरावे म्हणून ३ ते ४ टक्के घ्यावे, म्हणजे दोन पिशव्यांना मिळून ९० ते १२० ग्रॅम. त्याहून जास्त घालून फायदा नाही, कारण बी ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यावर वाढवलेले असते आणि ते दाणे म्हणजे इतर बुरश्यांना आणि उंदरांना मेजवानी. दर ५ सेंमी काडाच्या थरावर कडेकडेने बी टाकत, हाताने हलके दाबत चार थर भरावेत. पिशवी बांधून स्वच्छ दाभणाने सगळीकडून १५-२० भोके पाडावीत. बी घेताना पाकिटावरची तारीख पाहावी. आत दाणे पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना धरून असावेत, हिरवा-काळा ठिपका नको, तळाशी पिवळे पाणी नको, वास ताज्या अळंबीचा यावा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचा प्रकल्प आहे, तिथे बी आणि प्रशिक्षण दोन्ही मिळते. देशपातळीवरचे अळंबी संशोधन संचालनालय हिमाचलात सोलनला आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. रानातली छत्री आणून तिच्यापासून बी करण्याच्या भानगडीत पडू नये. तसेच आपल्या बेडवर धिंगरीखेरीज दुसरे काही उगवले तर ते खाऊ नये, कितीही खाण्याजोगे दिसले तरी.

२२ ते २८ अंशांत पिशवी १५ ते २० दिवसांत पांढरी होते. वाढती बुरशी स्वतःची उष्णता सोडते, पिशवीचा गाभा खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी गरम असतो. म्हणून पिशव्या एकीवर एक रचू नयेत. पांढरी झाल्यावर दोन वाटा. हवा दमट असेल, म्हणजे कोकणात किंवा भर पावसाळ्यात, तर पिशवी पूर्ण फाडून बेड उघडा करावा. पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात, जिथे दुपारी हवा कोरडी पडते, तिथे पिशवी तशीच ठेवून बाजूंना ५ सेंमीच्या फुलीसारख्या चिरा द्याव्यात. अळंबी चिरांतूनच बाहेर येते आणि काडातले पाणी शाबूत राहते.

पेटीत बेड दोनच. जागा दिसते म्हणून चार कोंबू नयेत. दोन बेडमध्ये आणि बेड-भिंतीमध्ये ८ ते १० सेंमी मोकळे राहायला हवे. अळंबीचा घोस तेवढा बाहेर येतो, आणि ती मोकळी जागाच हवेचा साठा आहे. बेड पर्लाइटवर थेट न ठेवता उलट्या ठेवलेल्या वाटीवर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर ठेवावा, नाहीतर बूड सतत ओले राहून सडते.

पेटी कुठे ठेवावी? जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येईल एवढा उजेड दिवसाचे दहा-बारा तास असेल तिथे. थेट ऊन नको. उन्हातला पारदर्शक डबा तासाभरात भट्टी होतो. अंधारात ठेवली तर टोपीच धरत नाही, पोवळ्यासारखे फाटे फुटतात. वातानुकूलित खोली नको, ती ओल शोषून घेते. पंख्याखाली नको. फळांच्या टोपलीजवळ किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्याजवळ नको, चिलटे येतात. आणि बाल्कनीत कुंड्या असतील, त्यांत ट्रायकोडर्मा घातलेले खत असेल, तर पेटी घराच्या दुसऱ्या टोकाला. शेतकरी जो ट्रायकोडर्मा मुळकुजीवर उपाय म्हणून पैसे मोजून आणतो, तीच ही काडावरची हिरवी बुरशी. मातीत मित्र, अळंबीच्या बेडवर वैरी.

रोजचे काम पाच मिनिटांचे, पण ते दिवसातून तीनदा. झाकण काढावे, त्यानेच पेटीत तीसेक वेळा वारा घालावा म्हणजे साचलेली हवा निघून जाते, आणि मग बारीक तुषाराच्या बाटलीने भिंतींवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला फवारा मारावा. पर्लाइट वरून फिकट, कोरडा दिसू लागला तर त्यावरही. वाढत्या अळंबीवर थेट फवारू नये. टोपीवर थेंब तासन्‌तास थांबले तर जिवाणूंचे पिवळट-तपकिरी चिकट डाग पडतात आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. चुकून थेंब पडलेच तर आणखी दहा वेळा वारा घालून ते उडवावेत.

आर्द्रता मोजायला छोटे डिजिटल यंत्र मिळते. स्वस्त यंत्रे पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून एकदा तपासून घ्यावे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने चिखलासारखे करावे, विरघळू देऊ नये. ते आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ हवा. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवायचे. पेटीत यंत्र बेडच्या उंचीला टांगावे. पर्लाइटवर ठेवले तर ते कायम ९९ दाखवून आपली समजूत घालते.

पेटीत ठेवल्यापासून तीन ते पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अळंबीचे कोंब, म्हणजे पिनहेड, दिसतात आणि त्यापुढे तीन-चार दिवसांत तोडणी. अळंबी रोज दिसेल एवढी वाढते, त्यामुळे शेवटचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहावे. टोपीची कड खाली वळलेली असतानाच घोस मुळाशी धरून पीळ देऊन काढावा. कड सपाट होऊन वर उलटली की उशीर झाला. चव उतरतेच, शिवाय ती पांढऱ्या पिठासारखे बीजाणू सोडू लागते. हे घरात किरकोळ नाही. धिंगरीचे बीजाणू सतत श्वासात गेले तर खोकला, ताप, छातीत दाटणे असा त्रास होतो. मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा आजार होतो त्याचे हे एक कारण. पेटी झोपायच्या खोलीत ठेवू नये, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर घरात ठेवूच नये.

तोडताना देठाचा तुकडा बेडवर राहिला तर तो सडतो आणि त्यावर बारीक काळी माशी अंडी घालते. अळ्या बेडमधली बुरशी खाऊन दुसरी तोडणी बुडवतात. मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी आरामात जाते. अडवायची तर ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० छिद्रांची जाळी लागते. पण ती सगळ्या भोकांवर लावली तर हवा मंदावते. त्यापेक्षा पेटीजवळ पिवळा चिकट सापळा टांगावा आणि बेड स्वच्छ ठेवावा. बेडला सात-आठ दिवस विसावा मिळाला की दुसरी तोडणी, मग तिसरी. चौथीची वाट पाहण्यात अर्थ नाही, तोवर बेड थकलेला असतो आणि हिरवी बुरशी टपून असते.

बिघाड ओळखायला अळंबीकडेच पाहावे. लांब दांडी आणि छोटी टोपी म्हणजे हवा कमी. कडा पिवळ्या पडून चिरल्या, पिनहेड तपकिरी होऊन वाळले, तर ओल कमी किंवा वाऱ्याचा थेट झोत. देठावर, टोपीवर कापसासारखी लव आली तर ओल आहे पण हवा हलत नाही, वारा घालणे वाढवावे. बेडवर शाईसारख्या वितळणाऱ्या बारीक काळ्या छत्र्या उगवल्या तर काड जुने होते किंवा नीट तापले नव्हते. त्या उमलण्याआधी उपटून टाकाव्यात, बेड त्यातूनही उत्पादन देतो. हिरवा ठिपका दिसला तर पेटी घरात उघडू नये. बाहेर नेऊन तो बेड पिशवीत बांधून टाकावा. डाग कापून वाचवण्याचा मोह होतो, पण हिरवा रंग दिसतो तेव्हा ती बीजाणूंवर आलेली असते, आणि कापताना ते सगळ्या घरभर उडतात. त्यानंतर पेटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी, आणि पर्लाइटवर उकळते पाणी ओतून घ्यावे.

हंगामाबद्दल दोन शब्द. ही पेटी ओल सांभाळते, तापमान नाही. २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात धिंगरीच्या साजोर-काजू जातीला ती साथ देते. गुलाबी धिंगरी आणखी थोडी उष्णता सोसते, मात्र तिचे बी फ्रिजमध्ये ठेवले तर मरते. पांढरी फ्लोरिडा थंडीची. मुंबईत आणि कोकणात जुलै ते सप्टेंबरपर्यंत बाहेरची हवाच पुरेशी ओली असते, तेव्हा पर्लाइट जवळजवळ कोरडा ठेवला तरी चालतो. नागपूर-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पेटीचा हट्ट सोडावा. तिथे जुना माठ बरा. माठाला अर्ध्या इंचाची भोके पाडून, आधी तो पाण्यात भिजवून घ्यायचा, म्हणजे काडातले पाणी ओढणार नाही. मग त्यातच काड आणि बी भरून भोके चिकटपट्टीने बंद करायची आणि पांढरे झाल्यावर उघडायची. बाहेरून ओले फडके गुंडाळले की कोरड्या हवेत माठ गार होतो, पाणी गार होते तसाच. अर्थात बेचाळीस अंशांत त्यालाही मर्यादा आहे. बटण अळंबी यांपैकी कशातच होत नाही. तिला कुजवलेले कंपोस्ट, वर मातीचा थर आणि १४ ते १८ अंश तापमान लागते.

उत्पन्नाचेही खरे सांगायला हवे. १ किलो कोरड्या काडावर तीन तोडण्यांत मिळून अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी येते. म्हणजे या दोन बेडच्या पेटीतून दीड महिन्यात चार माणसांच्या घराला चार-पाच वेळा भाजी. ‘आमच्याकडून किट घ्या, माल आम्हीच परत घेऊ’ अशा जाहिरातींत जे लाखांचे आकडे असतात ते या पेटीतून निघत नाहीत, आणि धिंगरी फ्रिजमध्येही चार-पाच दिवसांपलीकडे टिकत नसल्यामुळे ‘परत घेऊ’ या शब्दाला नेमके कोण, कुठे, किती दिवसांत हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकलेले काड मात्र वाया जात नाही. गांडूळ खताच्या वाफ्यात ते छान कुजते.

आपल्या पुरवणीत हा विषय पुन्हा येईल तेव्हा एक विनंती. छायाचित्र बंद डब्याचे नको. झाकण काढलेल्या, विटांवर ठेवलेल्या पेटीचे असावे, आणि तळाची भोके दिसतील अशा कोनातून काढलेले असावे.

आपले,
धिंगरी उत्पादक वाचक, पुणे